काठी कोणत्या हातात धरावी?

गेल्या आषाढी पौर्णिमेला येडशीच्या विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला सुरुवात झाली. दुपारपासून झिमझिम पाऊस होता. विहाराच्या पायऱ्या शहाबादी फरशीच्या, त्यात चिखलाचे पाय. वंदना संपवून मंडळी बाहेर पडत असताना एक मावशी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उतरत होत्या. नातू वय वर्षे नऊ. पोराचा पाय घसरला आणि दोघेही तिसऱ्या पायरीवरून खाली आले. पोराला काही झाले नाही. मावशींना हाताला खरचटले, उजव्या गुडघ्याला मुका मार बसला. एवढ्यावर निभावले, हे नशीब म्हणायची आमची रीत नाही. फरशीऐवजी खाली ओला मुरूम होता म्हणून निभावले.

मावशींचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षे ऊसतोड केली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हा हिशेब आपल्या भागात कोणाला सांगायला नको. नवरा तोडणार, बायको पाचट काढून मोळी बांधणार, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणार. दिवसभर उकिडवे बसणे, वाकणे आणि ओझे घेऊन चढणे या तिन्ही गोष्टींनी गुडघ्यातली कूर्चा लवकर झिजते, हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. मावशींना अभ्यासाची गरज नव्हती. त्यांचा उजवा गुडघा त्यांना रोज रात्री सांगत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारपूस करायला त्यांच्या घरी गेलो. पाहतो तर कोपऱ्यात ॲल्युमिनियमची चकचकीत काठी उभी. कोणत्या तरी शिबिरात मिळालेली. मुठीवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. आम्ही म्हणालो, "मावशी, काठी घरात आहे आणि तुम्ही लेकराच्या खांद्यावर भार टाकता?"

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, म्या लगीन होऊन आले तवा आढ्याला एक काठी खोचलेली हुती. घुंगराची. सासरे म्हनायचे, हिला कुनी हात लावायचा न्हाई. एक दिवस त्यांनीच ती काढली, घुंगरं तोडून टाकली आन् चुलीत घातली. बोलले न्हाईत काई. त्या जाळावर भाकरी म्या थापल्या. आता तुमी मला काठी धर म्हनता?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. चहा पिऊन परत आलो.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी दोन ओळी लिहिणे भाग आहे. वेसकराच्या पाळीची ती घुंगुरकाठी. ज्याच्या घरी काठी त्याची पाळी, म्हणजे गावाची राखण, सांगावे, सरकारी स्वाऱ्यांची धावपळ आणि वरची वेठ. बदल्यात तुटपुंजे वतन आणि भाकरतुकडा. या वतनाच्या बेडीवर बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. येडशीहून जवळच कसबे तडवळे येथे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिला बाबासाहेब स्वतः आले होते. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने खालसा झाली. कायदा झाला म्हणून काठी गावागावांतून एका दिवसात गेली नाही. ती कोणी विहिरीत टाकली, कोणी जाळली. मावशींच्या सासऱ्यांनी ती चुलीत घातली. हा इतिहास ज्या घरात भाकरीबरोबर शिजला, त्या घरातल्या बाईने काठीला नको म्हणणे हा काही अडाणीपणा नव्हे. आम्ही मात्र पहिल्या दिवशी मनातल्या मनात तसेच समजलो, हे कबूल करतो.

पण गुडघा दुखतोच. आणि पुढच्या वेळी खाली मुरूम नसला तर? या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. आमच्या आईचे तेच झाले. तिच्या हातात काठी होती, पण ती आम्ही चुकीची दिली होती. बाजारातून उंच, जाड, दिसायला भक्कम दांडके आणले. ती काठी तिच्या छातीपर्यंत येत होती. आणि डावा पाय दुखतो म्हणून डाव्याच हातात धर, असे आम्हीच तिला सांगितले. पदवीधर मुलाने सांगितले म्हणून ती बिचारी तशीच चालत राहिली आणि पावसाळ्यात अंगणात पडली. बी.कॉम.ला हिशेब शिकवतात, काठी कोणत्या हातात धरावी हे शिकवत नाहीत. म्हणून या खेपेला आम्ही आधी माहिती काढली. जिल्ह्याच्या ठिकाणी व्यायामोपचार करणाऱ्या एका भगिनीला विचारले, काही वाचले. ते सगळे इथे मांडतो.

पहिली गोष्ट, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा किंवा उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. ऐकायला उलटे वाटते. पण आपण चालतो कसे ते पाहा. उजव्या पायावर उभे राहून डावा उचलला की अंगाचा सगळा भार डावीकडे कलू पाहतो. तो कलू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाजूचे स्नायू जोर लावून शरीर ओढून धरतात. भार अधिक ही ओढ मिळून चालताना त्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. आता डाव्या हातात काठी असेल तर ती जिथे अंग कलते तिथेच खालून टेकू देते. सांध्यापासून हात लांब असतो, म्हणून थोड्याशा जोरानेही मोठे काम होते. लांब पहारीने एकटा माणूस धोंडा हलवतो, तेच गणित. काठी दुखऱ्या बाजूलाच धरली तर ही पहार आखूड होते, शिवाय माणूस त्याच बाजूला झुकून चालू लागतो आणि कंबर धरते.

अमेरिकेतील हाडांचे प्रसिद्ध डॉक्टर वॉल्टर ब्लाउंट यांनी हेच गणित मांडून एक लेख लिहिला होता. त्याचे नावच 'काठी फेकून देऊ नका' अशा अर्थाचे. लोक लाजेने काठी टाकतात आणि सांधा झिजवून घेतात, अशी त्यांची तक्रार. लेखाचे साल 1956. ते वाचताना आम्ही थबकलो. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब उभे होते ते काठीच्या आणि नानकचंद रत्तूंच्या आधाराने. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना शेवटच्या वर्षांत काठीशिवाय चालवत नव्हते. त्या दिवसाची छायाचित्रे आपल्या घराघरात आहेत. आपण त्यांचा चेहरा पाहतो. काठी आपल्या नजरेत भरत नाही.

अलीकडचा एक अभ्यास ब्राझीलमधला आहे, 2012 साली प्रसिद्ध झालेला. गुडघेझिजीचे 64 रुग्ण घेतले. निम्म्यांना दोन महिने रोज काठी वापरायला दिली, निम्म्यांना दिली नाही. काठीवाल्यांचे दुखणे कमी झाले, हिंडणे-फिरणे सुधारले. आम्हाला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. सुरुवातीला काठी घेऊन चालताना जास्त दम लागत होता. दोन महिन्यांच्या सवयीनंतर तो फरक राहिला नाही. म्हणजे पहिले काही आठवडे काठी ओझेच वाटणार. आपली माणसे नेमकी त्याच दिवसांत ती कोपऱ्यात उभी करतात.

दुसरी गोष्ट मापाची. रोजच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटावर जी आडवी घडी असते तिथवर काठीची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले हवे. माप दुसऱ्याने घ्यावे, स्वतः घेऊ नये, कारण वाकून बघताना माप चुकते. गुराख्याची उंच काठी राखणीला ठीक, पण तिच्यावर भार देता येत नाही, कारण हात वर गेला की खाली रेटायला जोर राहत नाही. ॲल्युमिनियमच्या काठीला भोके आणि दाबायची कळ असते, तिने उंची कमी-जास्त होते. मावशींच्या काठीलाही ती होती. शिबिरात काठी हातात दिली, फोटो काढला, कळ कोणी दाबून दाखवली नाही.

चालताना काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचा, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी वर. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली. आमच्या महिला मंडळाने याचे लगेच दोन शब्द केले : 'चांगला वर, दुखरा खाली'. आता लहान पोरेही ओरडतात.

खालच्या टोकाला रबरी टोपी हवीच. झिजून गुळगुळीत झाली की बदलावी, औषधाच्या दुकानात मिळते. उघड्या लाकडाचे टोक ओल्या फरशीवर साबणासारखे घसरते. दोन्ही पाय अशक्त असतील, चक्कर येत असेल, पाय बधिर होत असेल तर काठीवर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावे. दृष्टिहीन बांधवांची पांढरी काठी ही वेगळी वस्तू आहे. ती भार द्यायला नसते, पुढची वाट चाचपण्यासाठी असते, म्हणून लांब आणि हलकी असते. ती कोणी टेकायला घेऊ नये.

आता काठी कशाची? इंग्रजीत केन हा एकच शब्द वेतालाही आहे, हातातल्या काठीलाही आहे आणि उसालाही आहे. मावशींना हे सांगितले तर त्या हसल्या. "म्हंजी ज्यानं गुडघा मोडला त्याचंच नाव काठीला बी हाय म्हना!"

वेत हे झाड नव्हे, वेल आहे. कूळ मात्र नारळ-शिंदीचे. काट्यांच्या आधाराने मोठ्या झाडांवर चढत जातो. त्याला दमट जंगल लागते, म्हणून तो दक्षिण सह्याद्रीत, केरळात, आसामकडे होतो, आपल्या कोरड्या बालाघाटात नाही. भारतात त्याच्या साठच्या आसपास जाती आहेत, आणि केरळात त्रिशूरजवळ पीची येथील वनसंशोधन संस्थेने त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. वेत आतून भरीव असतो आणि वाफेवर हवा तसा वाकतो, म्हणून त्याची मूठ गोल वळवता येते. आमच्या पिढीला वेत म्हटला की मास्तरांची छडी आठवते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत ती मारायला बंदी आली. वेताने आता टेकूचेच काम करावे.

बांबू म्हणजे गवत. कोंब फुटला की दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि पुढे जाडीने वाढत नाही, फक्त पिकत जातो. म्हणून काठीसाठी निदान तीन वर्षांचा बांबू हवा. कोवळा तोडला तर वाळताना आक्रसतो, तडकतो. आपल्यासारख्या कोरड्या मुलखाला मानवेल बांबू मानवतो. पाणी कमी मिळाले की त्याचे पोकळ कमी होते आणि तो जवळजवळ भरीव निपजतो. दुष्काळाने आपल्याला दिलेल्या थोड्या चांगल्या वस्तूंपैकी ही एक! कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, घरामागे लावतात तो माणगाही असाच भरीव आणि बिनकाट्याचा.

बांबूचे बळ त्याच्या बाहेरच्या अंगात असते. चिवट धागे सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात. म्हणून गुळगुळीत दिसावा म्हणून बाहेरून तासू नये. तासला की मजबुती गेली. फक्त पेरांवरचे कंगोरे काढावेत. घुण लागतो तो आतल्या पिठूळ सत्त्वामुळे. जुने कारागीर बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत, त्याने ते सत्त्व निघून जाते. अमावास्येला तोडला तर कीड लागत नाही असे सांगणारे भेटतील. तिथीपेक्षा बांबूचे वय पाहावे आणि तो पाण्यात नीट भिजवावा, म्हणजे काम होते. बुरूड समाजातल्या जाणत्या माणसाला हे सगळे आपल्याहून जास्त ठाऊक असते. काठी त्याच्याकडून घ्यावी, आणि कामाचा पुरा मोबदला द्यावा.

एक सूचना तरुणांसाठी. रामलिंगच्या डोंगरात जाऊन काठी तोडून आणू, असा उत्साह कोणी दाखवू नये. येडशी-रामलिंग घाट 1997 पासून अभयारण्य आहे, तिथली काडीही नेणे गुन्हा आहे. शेताच्या बांधावर लावलेल्या बांबूचे तसे नाही. 1927 च्या वन कायद्यात बांबूला झाड धरले होते, त्यामुळे स्वतःच्या रानातला तोडून न्यायलाही कटकट होती. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. एखादे बेट विहाराच्या मागे लावले तर दहा घरांच्या काठ्या निघतील.

ज्यांना विकत घेणे जमत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारने 2017 साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठी, कुबड्या, श्रवणयंत्र, चष्मा अशी साधने देण्याची तरतूद झाली. राज्य सरकारने 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला, कुटुंबाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्यास, साधनांसाठी तीन हजार रुपये एकदा खात्यावर देण्याचे ठरले. सध्या अर्ज घेतात की नाही, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच कागदपत्रांवर खर्च करावा. काठी शिबिरात मिळाली तर माप घेतल्याशिवाय हातात घेऊ नका. तो आपला हक्क आहे, फोटो झाला म्हणून संपत नाही.

एवढी माहिती जमली. पण मावशींचा प्रश्न मापाचा नव्हताच. वाचनाचा क्रम चालू होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारले आहे, एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाला म्हातारा, आजारी, मृत माणूस दिसलाच नव्हता हे कसे पटावे? काठी टेकणारा म्हातारा पाहून राजपुत्र दचकला, या कथेला बाबासाहेबांनी मान्यता दिली नाही. म्हातारपण ही दचकण्याची गोष्ट नाही, घराघरातली आहे. त्या संध्याकाळी आम्ही चुल्लवग्गातली एक हकीकत सांगितली. एक भिक्खू काठीला झोळी अडकवून चालला होता, लोकांना तो चोर वाटला. तेव्हा भिक्खूंनी काठी बाळगू नये असा नियम झाला. पुढे एक आजारी भिक्खू काठीशिवाय हिंडूच शकेना. मग तथागतांनी अनुज्ञा दिली, की अशा भिक्खूला संघाने काठीची संमती द्यावी. त्याने एकट्याने लाजत ठरवायचे नाही. संघाने बसून संमती द्यायची.

मावशी पुढच्या रांगेत ऐकत होत्या. आम्ही त्यांच्याकडे मुद्दाम पाहिले नाही. वाचन संपल्यावर महिला मंडळाच्या एका आक्कांनी सरळ विचारले, "मावशी, आमी समद्या संमती देतो. घेता का?" हशा झाला. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चकचकीत नगं. लाकडाची बघा. आन् घुंगरू बांधू नका म्हंजी झालं."

बार्शीच्या बाजारातून पिकल्या बांबूची, आडव्या मुठीची काठी आणली. विहाराच्या ओट्यावर मावशींना चपला घालून उभे केले, मनगटाशी खूण केली आणि खालून चार बोटे कापली. रबरी टोपी बसवली. पहिल्याच दिवशी तक्रार आली, "डाव्या हातानं काय हुतंय? डावा हात आजवर मोळीला धरायचाच." आठवडाभर त्या चिडत होत्या. पंधरा दिवसांनी किराणा दुकानापर्यंत एकट्या गेल्या. दुखणे गेलेले नाही, कूर्चा काही परत येत नाही. रात्रीची गोळी एक दिवसाआड झाली, असे सुनेने सांगितले.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली. मावशी पायऱ्या चढून आल्या, चांगला पाय आधी, मग दुखरा. काठी चपलांजवळ भिंतीला टेकवली आणि आत वंदनेला बसल्या. बाहेर दोन पोरांनी ती उचलून घोडा-घोडा खेळायला सुरुवात केली. सरणत्तय चालू होते, तरी मावशींचा आवाज दारापर्यंत आला :

"ए, ठेव तितं! माझी हाय ती."